गावातून शिकागो: किती किलोमीटर, किती घंटे आणि घरून नेमकं कधी निघायचं

"पंधरा घंटे म्हणतं तू, अन् इथं तं दीडले निघते अन् साडेसहाले पोचते. पाचच घंटे झाले ना बाप्पा!"

शेजारच्या मावशीनं तिकिटाच्या प्रिंटवर बोट ठेवून मला हे विचारलं. तिची लेक शिकागोला आहे, पहिलं बाळंतपण, मावशी जुलैमध्ये जाणार होती. तोवर मावशीचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे शेगाव आणि एकदा पंढरपूर. माझं हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात ऑनलाइन सेंटर आहे, सातबारा, पीकविमा, परीक्षेचे फॉर्म हे रोजचं काम, पण गेल्या काही वर्षांत पुण्या-हैदराबादेहून पुढे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात गेलेल्या पोरांचे मायबाप तिकिटं घेऊन माझ्याकडे येऊन राहिले. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, किती दूर आहे आणि किती घंटे लागतात. मावशीला त्या दिवशी मी दोन तास बसून समजावलं, तेच इथं सगळं लिहून ठेवतो म्हणजे दुसऱ्या कोणाला कामी येईल. उदाहरण शिकागोचं घेतलंय, तुमचं पोरगं टोरंटोला असो की मेलबर्नला, रीत हीच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. "किती घंटे" या प्रश्नाला चार उत्तरं आहेत. विमान हवेत किती वेळ राहतं, तिकिटावरच्या दोन वेळांमध्ये किती फरक दिसतो, विमानतळावर नुसतं बसून किती वेळ जातो, आणि आपल्या अंगणातून निघाल्यापासून लेकीच्या दारात पोचेपर्यंत किती. चारही आकडे वेगळे असतात. लोक एकाचा आकडा दुसऱ्याला लावतात आणि मग घोळ होतो.

पहिलं काम: अंतर काढणं

रेल्वेनं नागपूर ते दिल्ली अकराशे किलोमीटरच्या जवळपास आहे. विमानाचं तेच अंतर साधारण ८५५ किलोमीटर. रूळ वळणं घेत जातो, विमान जवळपास सरळ जातं, हे सगळ्यांनाच समजतं. गडबड होते ती लांबच्या अंतरात, कारण तिथं "सरळ" म्हणजे काय तेच आपण चुकीचं धरतो.

शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा आठवा. त्यात भारत मधे-उजवीकडे, अमेरिका पार डावीकडे. त्यामुळे वाटतं की विमान अरबस्तानावरून, आफ्रिका-युरोप ओलांडून, समुद्र पार करून पश्चिमेला जात असेल. मी मावशीला आणि तिच्या नातवाला (थोरल्या पोराचा मुलगा, सातवीत आहे) जिल्हा परिषदेच्या शाळेत घेऊन गेलो, गुरुजींना पृथ्वीचा गोल मागितला आणि सुतळीचा एक तुकडा घेतला. सुतळीचं एक टोक नागपूरवर अंगठ्यानं दाबलं आणि दुसरं शिकागोवर ठेवून ताणलं. आधी पोरानं ती सुतळी पश्चिमेकडून आडवी लावली तर ती ढिली होऊन खाली घसरायला लागली, ताणली तशी सरकत सरकत वर गेली आणि शेवटी थेट रशियावरून, उत्तर ध्रुवाच्या बाजूनं, कॅनडावरून खाली उतरली. मावशी म्हणे, "म्हणजे डोक्यावरून जाते काय हे?" बरोबर, डोक्यावरूनच. गोल वस्तूवर दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट तीच, जिथं दोरी पूर्ण ताणली जाते.

घरी गोल नसेल तर पोरांचा चेंडू घ्या, पेनानं खुणा करा, पण एकदा हे हातानं करून बघाच. नुसतं सांगून कोणालाच पटत नाही.

आता आकडा. सोपा मार्ग म्हणजे ग्रेट सर्कल मॅपर नावाची वेबसाइट आहे, तिथं विमानतळांचे तीन अक्षरी कोड टाकायचे. नागपूरचा एनएजी, दिल्लीचा डीईएल, शिकागोचा ओआरडी. शिकागोच्या विमानतळाचं नाव ओ'हेअर, मग कोड ओआरडी कसा म्हणून मी शोधलं, तर त्या जागेचं जुनं नाव ऑर्चर्ड फील्ड, म्हणजे फळबागेचं मैदान. नागपूरहून जाणाऱ्याला हे लक्षात ठेवायला सोपं. दुसरा मार्ग गूगल मॅप्सचा: फोनवर नागपूर विमानतळावर बोट दाबून धरा, पिन पडली की खालच्या पर्यायांत अंतर मोजायचा पर्याय येतो, मग नकाशा सरकवत शिकागोपर्यंत न्या.

पण मला हाताने काढायला आवडतं, आणि बारावी सायन्सवाल्या कोणत्याही पोराला जमतं. फोनचा कॅल्क्युलेटर आडवा केला की साइन-कॉस दिसतात, तो डिग्रीवर आहे ना तेवढं बघा, रेडियनवर असला तर सगळंच चुकेल. लागतात फक्त अक्षांश आणि रेखांश. नागपूर विमानतळ २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. शिकागो ४१.९८ उत्तर, ८७.९० पश्चिम. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला आहे म्हणून रेखांशांची बेरीज करायची: १६६.९५. दोन्ही पूर्वेला असते तर वजाबाकी केली असती. बेरीज १८० च्या वर गेली तर ३६० मधून वजा करायची.

मग असं:

साइन २१.०९ गुणिले साइन ४१.९८, म्हणजे ०.३५९८ × ०.६६८९ = ०.२४०७.

कॉस २१.०९ गुणिले कॉस ४१.९८ गुणिले कॉस १६६.९५, म्हणजे ०.९३३० × ०.७४३४ × उणे ०.९७४२ = उणे ०.६७५७.

दोन्हींची बेरीज उणे ०.४३५०. याचा कॉस इन्व्हर्स घेतला की ११५.७९ अंश. याला १११.२ नं गुणा, कारण पृथ्वीच्या पाठीवर एक अंश म्हणजे तेवढे किलोमीटर. उत्तर सुमारे १२,८७५ किलोमीटर.

हा "एका अंशाला किती" चा आकडा आपल्या हिंगणघाटशी जोडलेला आहे, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८०२ मध्ये मद्रासपासून देशाची मोजणी सुरू केली, साखळ्या टाकत आणि कोन मोजत दक्षिणेकडून वर येत राहिला, आणि त्या कामाचा एक मोठा हेतू हाच होता की रेखांशाच्या रेषेवर एक अंश नेमका किती लांब आहे ते काढायचं, म्हणजे पृथ्वीचा आकार कळेल. १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरकडे जाताना तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर इथंच आहे. आम्ही ज्या गावात बाजाराला जातो तिथं पृथ्वी मोजणारा माणूस निजलेला आहे, आणि शाळेतल्या पोरांना ते माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर सरळ अंतर १२,८७५. पण नागपूरहून शिकागोला थेट विमान नाही, कुठं तरी बदलावं लागतं. म्हणून तुकड्यातुकड्यानं मोजायचं. दिल्लीमार्गे: ८५५ आणि दिल्ली-शिकागो १२,०२०, एकूण १२,८७५. म्हणजे सरळ अंतराइतकंच! मी पहिल्यांदा काढलं तेव्हा वाटलं काहीतरी चुकलं, पुन्हा काढलं, तेच आलं. कारण नागपूरहून शिकागोची ताणलेली दोरी जवळपास दिल्लीवरूनच जाते, वाट वाकडी होतच नाही. मुंबईमार्गे गेलं तर सुमारे ६८५ आणि १२,९४०, म्हणजे १३,६२५ च्या आसपास, साडेसातशे जास्त. दोहामार्गे (हे कतार देशातलं शहर) २,८४० आणि ११,४६०, मिळून १४,३००, जवळपास चौदाशे जास्त. नकाशात दोहा "अमेरिकेच्या बाजूला" दिसतं, म्हणून लोकांना वाटतं तो जवळचा रस्ता. नाही.

सीटसमोरच्या स्क्रीनवर कधी मैल दिसतात. मैलाला १.६०९ नं गुणलं की किलोमीटर. दिल्ली-शिकागो म्हणजे ७,४७० मैल. सागरी मैल असेल तर १.८५२ नं गुणायचं.

दुसरं काम: हवेतला वेळ

मोठं विमान वर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या जवळपास चालतं. म्हणून अंतर भागिले ९००, आणि त्यात चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा. दिल्ली-शिकागो: १२,०२० भागिले ९०० म्हणजे साडेतेराच्या आत, अर्धा मिळवून चौदा तासांच्या आसपास. पण तिकिटावर जाताना पंधरा-साडेपंधरा किंवा जास्त दिसतं आणि येताना चौदाच्या जवळ. असं काऊन?

वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, ताशी शंभर-दोनशे किलोमीटरचा जोर त्यांना सहज असतो. उन्हाळ्यात वावरातून सायकल हाणत आला असाल तर हे शिकवायची गरज नाही, वारा पाठीवर असला तर पायडल मारावं लागत नाही आणि समोरून असला तर तोच दोन किलोमीटरचा रस्ता जीव काढतो. विमानाचा ९०० चा वेग हवेच्या मानानं असतो. समोरून १०० चा वारा असला तर जमिनीच्या मानानं ८०० राहिला, १२,००० किलोमीटरला १५ तास. पाठीवर १०० असला तर हजार झाला, १२ तास. हे टोकाचं उदाहरण झालं, अख्ख्या वाटेवर एकसारखा वारा नसतो, आणि ध्रुवाकडच्या वाटेवर लंडन-न्यूयॉर्कइतका फरक पडत नाही, पण दिशा तीच.

इथं एक गैरसमज खूप ऐकू येतो की पृथ्वी खालून फिरते म्हणून एका बाजूनं लवकर पोचतो. तसं नाही. हवा पण पृथ्वीसोबत फिरते आणि विमान त्या हवेतच आहे. चालत्या येष्टीत पोरगं उडी मारतं तर ते मागच्या सीटवर जाऊन पडत नाही, तसंच.

दुसरं कारण म्हणजे देशांच्या हद्दी. ताणलेली दोरी कोणाच्या परवानगीनं जात नाही पण विमानाला जावं लागतं. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, त्यामुळे दिल्लीहून निघणाऱ्या भारतीय विमानांना वळसा पडायला लागला, काही तर मधे युरोपात इंधनासाठी उतरायला लागली. २०१९ मध्येही फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत असं झालं होतं. २०२२ पासून अमेरिका आणि युरोपच्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. म्हणून त्याच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांचा वेळ वेगळा दिसला तर घाबरू नका, आणि तीन वर्षांपूर्वी शेजाऱ्याचं पोरगं किती तासात गेलं त्यावर हिशोब करू नका. तुमच्या तिकिटावर "ड्युरेशन" म्हणून जे लिहिलंय तेच धरा. मधे थांबा आहे का तेही बघा, कारण विमान न बदलता नुसतं थांबत असलं तरी दीड-दोन तास जातात.

कधी कधी दोरी सोडून लांबच्या वाटेनं जाणंही फायद्याचं असतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं, १५,३०० किलोमीटर, आधीच्या वाटेपेक्षा चौदाशे जास्त, आणि तरी साडेचौदा तासात पोचलं, कारण पूर्वेकडे जाताना वारा पाठीवर होता. अंतर जास्त, वेळ कमी.

(स्वामी विवेकानंद याच शिकागोला गेले तेव्हा ३१ मे १८९३ ला मुंबईहून जहाजानं निघून चीन, जपान करत जुलैच्या शेवटी पोचले होते. दोन महिने. मावशीला हे सांगितल्यावर तिला पंधरा घंटे एकदम कमी वाटायला लागले.)

तिसरं काम: तिकिटावरच्या वेळांचं कोडं

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, म्हणून सावकाश वाचा.

तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची. दोन्ही आपल्या घड्याळाच्या नसतात. शिकागो उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आणि हिवाळ्यात साडेअकरा तास मागे. तिथं मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. आपलं घड्याळ वर्षभर तेच.

मावशीचं तिकीट: दिल्लीहून १२ जुलै, ०१:३०. प्रवास १५ तास ३० मिनिटं. आधी सगळं आपल्या वेळेत करायचं. दीडमध्ये साडेपंधरा मिळवले, आपल्याकडे १२ तारखेचे सायंकाळचे पाच. त्यातून साडेदहा वजा केले, शिकागोत १२ तारखेची सकाळ, साडेसहा. म्हणून "पाचच घंटे" दिसलं. मावशी विमानात साडेपंधरा तासच बसणार, घड्याळ मागे सरकलं म्हणून पाच दिसतात.

येताना उलटं. शिकागोहून दुपारी १२ ला निघालं, १४ तास, म्हणजे शिकागोच्या वेळेनं रात्रीचे दोन, त्यात साडेदहा मिळवले की दिल्लीत दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारा. तिकिटावर त्यापुढे बारीक अक्षरात अधिक एक लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ पुढची तारीख. इथं साडेचोवीस तास दिसतात! आता एक गंमत बघा, जाताना दिसणारे ५ आणि येताना दिसणारे २४.५, यांची बेरीज करून निम्मे करा: १४.७५. आणि खरे तास साडेपंधरा आणि चौदा, त्यांची सरासरी पण १४.७५. हिशोब बरोबर जुळला की नाही ते तपासायला ही रीत चांगली आहे, वेळेचा फरक माहीत नसला तरी चालतो.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण ती परत कोणाकडून होऊ नये असं मनापासून वाटतं. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका काकांचं तिकीट मी काढून दिलं, ०२:१० चं, मुंबईहून. मी तोंडी सांगितलं "१८ तारखेला रात्री दोनला". काका-काकू १८ तारखेला दिवसभर सगळ्यांना भेटले, रात्री दहाला विमानतळावर पोचले, आणि विमान तर १८ तारीख सुरू होऊन दोन तास झाले तेव्हाच, म्हणजे आदल्या रात्री, निघून गेलेलं. काकूंनी पोरासाठी बांधून नेलेला डब्बा तसाच परत आला. नवीन तिकिटाचे पैसे मोठे होतेच, पण काकूंचा तो चेहरा मला विसरता येत नाही. आपल्याकडे रात्र म्हणजे झोपेपर्यंत तीच तारीख, घड्याळ मात्र बारानंतर तारीख बदलतं. म्हणून तेव्हापासून मी वेळ रात्री १२ ते पहाटे ५ मधली असली की तिकिटाच्या वर लाल पेनानं मोठ्या अक्षरात लिहून देतो, जसं मावशीच्या तिकिटावर: "११ तारखेला दुपारी जेवून घरून निघायचं." विमानाची तारीख नाही, घरून निघायची तारीख. कॅलेंडरवर पण त्याच दिवसावर गोल करायला लावतो.

चौथं काम: अंगणापासून दारापर्यंत

हा हिशोब मागून पुढे करायचा नाही, विमानापासून उलटा मागे यायचा.

दिल्लीचं विमान ०१:३० ला. आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी, आणि देशांतर्गत विमानातून उतरून बदलायचं तर मी किमान पाच तास ठेवतो. दिल्लीत टर्मिनल १ वेगळ्या जागी आहे, नागपूरचं विमान तिथं उतरलं आणि पुढचं टर्मिनल ३ वरून असलं तर बस नाहीतर टॅक्सी करून जावं लागतं. इंग्रजी-हिंदीची सवय नसलेल्या माणसाला तिथं अर्धा तास तर बोर्ड वाचण्यातच जातो. म्हणून नागपूरहून सायंकाळी सहाचं विमान घेतलं, दिल्लीत ७:५० ला. मधे ५ तास ४० मिनिटं.

नागपूर विमानतळावर दुपारी चारपर्यंत. हिंगणघाट ते विमानतळ पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, जाम, बुटीबोरी करत हायवेनं, आणि विमानतळ वर्धा रोडवरच असल्यामुळे शहरात शिरावं लागत नाही ही मोठी सोय. गाडीनं दीड तास, गावापासून हिंगणघाट अर्धा तास. झाले दोन. पण जुलै आहे, नाल्याला पूर आला की गावचा पूल दोन-तीन तास बंद होतो हे आपल्याला माहीत आहे, म्हणून एक तास वर ठेवला आणि पाऊस धो धो असेल तर आदल्या रात्रीच हिंगणघाटला पाहुण्यांकडे मुक्काम. म्हणजे घरून ११ तारखेला दुपारी एकला.

शिकागोत १२ ला सकाळी साडेसहा. इमिग्रेशन (पासपोर्ट-व्हिसाची तपासणी), बॅगा, दोन तास धरा. लेकीच्या घरी पोचायला एक तास. सकाळचे साडेनऊ, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे आठ.

११ च्या दुपारी एकपासून १२ च्या रात्री आठपर्यंत: ३१ तास. त्यातले विमानात १ तास ५० मिनिटं आणि साडेपंधरा, मिळून १७ तास २० मिनिटं. बाकीचे १३ तास ४० मिनिटं जमिनीवर, बसून, रांगेत, गाडीत. मायबापांना थकवतात ते हेच, आणि कमी करता येतात तेही हेच. हवेतला एक तास वाचवायला जास्त पैसे देण्यापेक्षा थांबा नीट निवडा. फार कमी नको, फार मोठाही नको. एकटं जाणाऱ्या वयस्क माणसाला मी चार ते सहा तासांचा थांबा सांगतो आणि दोन तासाच्या थांब्याचं स्वस्त तिकीट समोर असलं तरी काढून देत नाही.

दोहाचा विचार पण करा. नागपूरहून थेट दोहाचं विमान ज्या काळात चालू असतं तेव्हा अंतर चौदाशे किलोमीटरनं जास्त आणि हवेत दोन-एक तास जास्त, पण इमिग्रेशन नागपूरलाच, आपल्या माणसांच्या नजरेसमोर, आणि पुढे टर्मिनल शोधत फिरणं नाही. पहिल्यांदा एकटं जाणाऱ्या बाईसाठी हे दोन तास मला महाग वाटत नाहीत. मावशीच्या वेळी तारीख जमली नाही म्हणून दिल्ली केलं.

सगळा प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असू द्या. मग पहिलं विमान लेट झालं तर पुढची सोय कंपनी करते आणि बॅगा सहसा शेवटपर्यंत जातात. नागपूर-दिल्ली स्वस्तात वेगळं काढलं आणि ते लेट झालं तर पुढचं तिकीट गेलं. आणि अमेरिकेत शिकागोच्या आधी दुसऱ्या कुठल्या शहरात उतरत असाल तर त्या पहिल्या शहरातच बॅगा घेऊन परत द्याव्या लागतात, त्याला तीन तास धरा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं असतं, विमानं तासन्तास अडकतात, त्या दिवसांत मी एक दिवस आधीच दिल्लीला पाठवतो.

व्हीलचेअर मागायला लाजू नका. चालता येत असलं तरी मागा, तिकीट काढतानाच नोंद करायची. एक माणूस सोबत येतो, रांगेतून नेतो, गेटपर्यंत सोडतो. इंग्रजी न येणाऱ्या आपल्या माय-मावश्यांसाठी ती खुर्चीपेक्षा वाटाड्या म्हणून जास्त कामाची.

गोळ्यांचं महत्त्वाचं. बीपी-शुगरच्या गोळ्या "सकाळी-रात्री" असतात, आणि प्रवासात सकाळ कोणती तेच समजत नाही. मावशीला एक साधं हातातलं घड्याळ दिलं आणि सांगितलं, घरी पोचेपर्यंत याला हात लावायचा नाही, गोळी याच्यावरच घ्यायची. इन्सुलिन असेल तर मात्र डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहूनच घ्या. औषधं हातातल्या पिशवीत. लोणचं मोठ्या बॅगेत, हातातल्यात सिक्युरिटीवाले ठेवू देत नाहीत. फळं, बी-बियाणं, मटण-मासळीचं काही नेऊ नका, तिथं तपासणीत वेळ जातो आणि सांगितलं नाही तर दंडही होतो. डिंकाचे लाडू विचारलं तर सांगून टाकायचे.

विमान नकाशावरून गायब झालं तर

फ्लाइटरडार नावाच्या ॲपवर विमानाचा नंबर टाकला की ते कुठं आहे ते दिसतं. मावशी निघाली त्या रात्री तिच्या घरी सात-आठ जण एका मोबाइलवर डोकं घालून बसले होते. सकाळी सकाळी थोरल्या पोराचा फोन आला, आवाज कापत होता, "भाऊ, विमान दिसून नाही राहिलं." मी धावत गेलो. पिवळं विमान रशियाच्या वर जाऊन थांबल्यासारखं झालं आणि मग नाहीसं. मी त्यांना सांगितलं तेच इथं सांगतो: हे ॲप मुख्यतः जमिनीवर बसवलेल्या रिसीव्हरवर चालतं, एक रिसीव्हर चारेकशे किलोमीटरपर्यंत विमान पकडतो, आणि उत्तर ध्रुवाकडं खाली बर्फाचा समुद्र आहे, तिथं रिसीव्हर कोण बसवणार. आपल्याकडे डोंगरामागे गेलं की फोनची रेंज जाते, विमानालाही तसंच, ते मात्र चाललेलं असतं. कधी ॲप अंदाजानं पुढे सरकवतं, कधी दाखवतच नाही. दुपारी कॅनडावर ते परत उगवलं तेव्हा घरातल्या सगळ्यांनी हात जोडले. तुमच्या घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, ते तीन-चार तास फार वाईट जातात.

फोन कधी करायचा

रोजच्या फोनसाठी सोपी युक्ती. शिकागोची वेळ घ्या, सकाळची संध्याकाळ करा आणि उन्हाळ्यात दीड तास वजा करा. तिकडे सकाळचे ८, आपल्याकडे रात्रीचे ८ वजा दीड, सायंकाळचे साडेसहा. हिवाळ्यात दीडऐवजी अर्धाच तास वजा करायचा, तिकडे ८ म्हणजे आपल्याकडे साडेसात.

मावशीनं फोनची वेळ ठरवली होती, आपल्या सायंकाळी साडेसहाला, दिवाबत्तीच्या वेळेला. जुलैपासून एक दिवस चुकला नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी साडेसहा वाजले, पावणेसात झाले, फोन नाही. थोरला पोरगा परत माझ्या दारात. मी कॅलेंडर बघितलं, आजच पहिला रविवार, तिकडे घड्याळ मागे गेलं. "साडेसात वाजू दे," म्हटलं. साडेसातला वाजला फोन, मावशी नातीला मांडीवर घेऊन बसली होती.